सहासष्ट खुंट्या

१

सोमवारी सकाळी पावणेदहा वाजता मी त्रिवेणी विद्यापीठाच्या मुख्य दारातून स्कूटी आत घातली आणि तिथेच ब्रेक दाबला. डांबरी रस्त्यावर दीड-दोनशे पोरंपोरी मांडी ठोकून बसली होती आणि घसा फोडून घोषणा देत होती. त्यांच्या पलीकडे, अकरा जुन्या कडुनिंबांच्या रांगेतून, चुन्याची एक पांढरी रेघ गेली होती. शेजारून नव्हे, थेट खोडांमधून. एका खोडापाशी यायची, सालीवर पांढरा फटकारा ओढायची आणि पलीकडून पुन्हा सुरू व्हायची.

माझं नाव लंका जाधव, स्थावर विभागातली वरिष्ठ लिपिक. शेपटीचा आणि आगीचा विनोद शाळेपासून आजवर प्रत्येकाने माझ्यावर करून झालेला आहे, तेव्हा तुम्ही तो केला नाहीत तरी चालेल. विद्यापीठाच्या इमारती, नळ, गटारं आणि झाडं सांभाळणं हे आमच्या विभागाचं काम. आणि गेलं वर्षभर आमच्या डोक्यावर एकच गोष्ट बसली होती, ती म्हणजे नवी पायवाट.

योजना अशी की, दारापासून ग्रंथालयापर्यंतचा डांबरी रस्ता उखडायचा. सगळ्यांच्या गाड्या दारातच थांबवायच्या. ज्यांना चालणं जमत नाही त्यांच्यासाठी एक बॅटरीची गाडी ठेवायची, बाकीच्यांनी कडुनिंबांच्या सावलीसावलीने पायी जायचं. रस्त्याच्या जागी गवत आणि शोषखड्डे करायचे, म्हणजे दर पावसाळ्यात गटारातून वाहून जाणारं पाणी तिथेच मुरेल. खरं सांगते, मला ही योजना मुळीच आवडली नव्हती. नाशिकच्या मे महिन्यात मी चालत ऑफिसला जायचं? पण झाडं तोडायची असं तिच्यात कुठेच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी योजनेची आखणी झाली होती. योजना तयार करणारी तेजल वाघ ही तिशीतली भूरचनाकार, म्हणजे लँडस्केप आर्किटेक्ट, आणि आमचा माळी मंगळू भोये, दोघांनी मिळून झाडांच्या शेजारून चुना टाकला आणि खुंट्या ठोकल्या. तेजलच्या मोबाइलमध्ये फोटोही होते. शनिवार-रविवार सुटी. आणि आज रेघ झाडांच्या पोटातून गेलेली!

"लंकाताई, हे काय होऊन बसलं हो!" आमचे ओव्हरसियर खंडेराव मोगल धापा टाकत माझ्यापाशी आले. "पोरं म्हणतात, फोटो खोटे हायेत, झाडं तोडायचीच व्हती."

तेवढ्यात कुलसचिव डॉ. राज निमसे आपल्या पांढऱ्या गाडीतून उतरले. त्यांनी रेघेकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि बोट थेट मंगळूकडे केलं.

"चुन्याच्या खोलीची चावी कोणाकडे असते? ह्याच्याकडे. पायवाटेसाठी रोपवाटिका हलवणार म्हणून कुरकुर कोण करत होतं? हाच. जाधव बाई, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत दुसरा कोणी सापडला तर ठीक. नाहीतर ह्याला घरी पाठवायचं पत्र तयार ठेवा."

मंगळूच्या हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली. अठरा वर्षं हा माणूस आमच्याकडे रोजंदारीवर होता. आणि त्याला कायम करण्याचा आदेश माझ्या टेबलावर कुलसचिवांच्या एका सहीसाठी थांबला होता.

२

मी झुंबर आहेरांना बोलावलं.

आहेर भाऊसाहेब मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे. चाळीस वर्षं त्यांनी भावाभावांच्या बांधांवर उभं राहून शिव्या खाल्ल्या आणि साखळी ओढली. आता आमच्याकडे कंत्राटावर नकाशे सांभाळतात. अंगात फार मांस नाही, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चालताना सतत ओठ हलतात, कारण पावलं मोजायची खोड गेलेली नाही. ऑफिसात सगळे त्यांची टिंगल करतात. मीही करते.

त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. रेघेच्या कडेने दारापासून ग्रंथालयाच्या पायरीपर्यंत गेले, तसेच परत आले.

"मंगळू, शुक्रवारी किती खुंट्या ठोकल्या?"

"एकसष्ट," मंगळू म्हणाला. "तेजल मॅडमनी टेप धरली व्हती. तीन-तीन मीटरचे साठ गाळे, त्याला एकसष्ट खुंट्या."

"आता सहासष्ट आहेत."

कुलसचिव मोठ्याने हसले. "खुंट्यांना पिल्लं झाली वाटतं! बघा, ह्याला मोजताही येत नाही आणि खरंही बोलता येत नाही."

"नाय साहेब," मंगळूचा आवाज बारीक झाला होता, पण तो हटला नाही. "एकसष्टच. मी मोजून ठोकल्या."

कुलसचिव निघून गेले. भाऊसाहेब मात्र खूश दिसत होते, आणि ते खूश झाले की बागलाणातली बोली तोंडात येते. "बराबर शे," ते पुटपुटले. "लंकाताई, खोडसाळपणा करणारा वस्तू मोडतो, पळवतो, कमी करतो. ह्याने पाच वाढवल्या. कशाला?"

त्यांनी मला पाच खुंट्या दाखवल्या. बाकीच्या वाळक्या बांबूच्या होत्या, ह्या पाच ताज्या तासलेल्या, अजून ओलसर. सगळ्या ग्रंथालयाच्या टोकाला.

मग खिशातून टेप काढून त्यांनी दोन खुंट्यांमधलं अंतर घेतलं. नऊ फूट. पुढचं घेतलं. नऊ फूट एक इंच. त्याच्या पुढचं, नऊला इंचभर कमी. वीस गाळे मोजले आणि वीसही नऊच्या आसपास.

"टेप लावली असती तर हा इंचाचा फरकही पडला नसता," ते म्हणाले. "हे नुसत्या नजरेने ठोकलंय. तीन मीटर म्हणजे दहा फुटांना थोडं कमी. ह्याचा हात प्रत्येक वेळी नऊवर थांबला, म्हणून शेवटी खुंट्या पुरल्या नाहीत आणि पाच नव्या कराव्या लागल्या. मंगळू खरं बोलतोय. पण हे मी आत्ता बोललो, तर खरा माणूस सावध होईल."

मला मंगळूला पळत जाऊन सांगावंसं वाटलं. भाऊसाहेबांनी डोळ्यांनीच दटावलं.

३

चुन्याच्या खोलीचं कुलूप शाबूत होतं. आत शुक्रवारचं अर्धं पोतं तसंच, आणि बाकीच्या दोन पोत्यांची शिवणही उसवलेली नव्हती.

"म्हणजे चुना बाहेरून आणला," मी म्हणाले. एवढं तर मलाही कळतं.

भाऊसाहेब रेघेपाशी उकिडवे बसले. चिमूटभर चुना त्यांनी कागदावर घेतला आणि उन्हात धरला. पांढऱ्यात बारीक निळसर कण चमकत होते. खोलीतल्या चुन्यात तसं काही नव्हतं. त्यांनी कागदाची पुडी करून खिशात टाकली आणि एक शब्द बोलले नाहीत. ह्या माणसाच्या ह्या सवयीचा मला भयंकर राग येतो.

दारावरचा पहारेकरी वाल्मीक वहीत प्रत्येकाची नोंद ठेवतो. तो म्हणाला, रविवारी एकच्या फेरीत रेघ झाडांच्या शेजारीच होती, मग उन्हामुळे तो चौकीत पेंगला, आणि चारला ती झाडांतून गेलेली दिसली तेव्हा योजनाच तशी असेल असं त्याला वाटलं. रविवारी दुपारी एक ते चार, सगळं विद्यापीठ उन्हाने निपचित पडलेलं असताना, आत फक्त चौघे होते. रोपवाटिकेत पाणी द्यायला आलेला मंगळू, ऑफिसातल्या एसीत फायली वाचायला आलेले कुलसचिव, पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघायला आलेले खंडेराव, आणि सुटीला घरी न जाता वसतिगृहात एकटाच राहिलेला विद्यार्थ्यांचा पुढारी लखन.

आधी लखनला गाठलं. घोटीकडचा हा पोरगा, वडिलांची भातशेती, आणि आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही.

"तुला तर आयतं आंदोलन मिळालं," मी टोमणा मारला.

"मॅडम, आंदोलन मला कुठंही मिळतं," तो शांतपणे म्हणाला. "पण पायवाट कोणाला पाहिजे? आम्हालाच ना! गाड्या तुमच्या. ह्या डांबरावरून दुपारी बाराला चालतो कोण? आम्ही. मागच्या वर्षी परीक्षेला जाताना दोन पोरी चक्कर येऊन पडल्या. झाडं वाचवून पायवाट होत असेल, तर चुना टाकायला मी येतो. पण आधी हे कोणी केलं ते सांगा. तोपर्यंत कोणाच्याच फोटोवर आमचा विश्वास नाय."

तो गेल्यावर मी माझ्या स्कूटीकडे पाहिलं आणि उगाचच ओशाळले. त्या पोरी पडल्या त्या दिवशी मी त्याच रस्त्याने भुर्रकन गेले होते.

मंगळू रोपवाटिकेत होता. पेठ तालुक्यातल्या डोंगरातलं गाव त्याचं, तिथे थोडी नागली आणि भात. बायको अक्काबाई त्याच्याबरोबर रोपांच्या पिशव्या भरत होती. तिने आमच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

"कुरकुर केली होती का, मंगळू?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"केली व्हती. रोपं उन्हात हलवली तं मरतील म्हनून. तेजल मॅडमनी ऐकलं, पावसाळ्यापर्यंत हलवायची नाय असं ठरलं. मंग मी कशाला बिघडवू?" त्याने हातातली माती झटकली. "त्यातले आठ कडुनिंब मी लावलेले हायेत, भाऊसाहेब. साहेबांना एवढं सांगा."

अक्काबाई तेवढ्यात पहिल्यांदा बोलली. "सांगून काय व्हनार? अठरा वर्सं सांगतंय."

४

मंगळवारी सकाळी आम्ही कुलसचिवांच्या दालनात गेलो.

भाऊसाहेबांनी पुडी उघडून टेबलावर ठेवली. "साहेब, ह्या चुन्यात निळं काय आहे, ओळखता?"

निमसे साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मोरचूद. न ओळखायला काय झालं? चुना आणि मोरचूद मिळून बोर्डो होतं, द्राक्षांवर फवारायचं. माझीच दिंडोरीला चार एकर बाग आहे." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चेहरा लाल झाला. "आहेर, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"संशय घ्यायला मी कोण? बागेत जाता का नेहमी?"

"आठवड्यातून एकदा. सगळं माणसं बघतात. मी गाडीतून एक चक्कर मारतो. आणि ऐका, मला ही पायवाट नकोच आहे, मी ते बैठकीतही सांगितलं. माझ्या दालनाखाली गाडी लागलीच पाहिजे. पण मला काही थांबवायचं असेल तर मी फाइल अडवीन, उन्हात खुंट्या उपटत बसणार नाही."

हे बोलणं मला पटलं. त्यांनी अडवलेल्या फायली मीच सांभाळते.

खंडेराव आमच्याच ऑफिसात, माझ्या समोरच्या टेबलाला. पिंपळगाव बसवंतचे. दर वर्षी द्राक्षांची पहिली पेटी सगळ्या विभागाला वाटतात, पहिला घड मला. त्यांनी स्वतः चहा मागवला.

"खंडेराव, घरच्या चुन्यात मोरचूद मिसळलेलं असतं का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"असतंच की. एकच बादली, एकच डबा, कोण धुवत बसतंय? नाशकात निम्म्या घरांत सापडंल तुम्हाला." ते हसले. मग हसू एकदम विझलं. "भाऊसाहेब, मंगळूचं काय व्हनार हो? गरीब माणूस हाय. काहीतरी करा."

"करतोय. तुमची बाग केवढी?"

"तीन एकर. वडील गेले तेव्हा पंधरा वर्षांचा व्हतो. तवापासून एकूणएक वेल ह्या हातानं लावली. मजूर नाय लावला कधी."

बाहेर आल्यावर मी भाऊसाहेबांची बाही ओढली. "बागवाले दोन. त्यांतला पायवाटेचा वैरी एकच. म्हणजे कुलसचिवच ना? आता त्यांना कोण धरणार? दुपारचे बारा वाजलेत, पाच तास उरलेत!"

"लंकाताई," ते म्हणाले, "बाग असणं वेगळं आणि बाग लावणं वेगळं. कुलगुरू मॅडमना चार वाजता कडुनिंबाखाली घेऊन या. आणि दहा-दहा खुंट्यांचे चार गठ्ठे पाहिजेत."

५

चार वाजता कडुनिंबाखाली अख्खं विद्यापीठ लोटलं होतं. कुलगुरू मॅडम खुर्चीत न बसता झाडाला टेकून उभ्या होत्या. तेजल एका बाजूला, ओठ आवळून. आदेश आणि बडतर्फीचं पत्र, दोन्ही माझ्या फाइलमध्ये.

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "रेघ पुन्हा जागेवर न्यायची आहे. सुरुवात आपल्याच माणसांनी करावी, म्हणजे पोरांचा विश्वास बसेल. साहेब, खंडेराव, लखन आणि मंगळू, प्रत्येकाने दहा खुंट्या ठोकायच्या. सरळ ओळीत, एकसारख्या अंतरावर. माझी टेप ऑफिसात राहिली, तेव्हा नजरेनेच करा."

लखनने भराभर ठोकल्या. ओळ नदीच्या वळणासारखी गेली आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. निमसे साहेबांनी कोट काढून माझ्या हातात दिला, तीन खुंट्या ठोकल्या, चौथी मोडली, सहावी अंगठ्यावर बसली. पोरांचा हसून जीव गेला. साहेबांनी सातवीला हात लावला नाही.

खंडेरावांचा नंबर आला. "द्या इकडं, तुम्हा लोकांचं काम नाय हे," ते म्हणाले. त्यांनी पहिली खुंटी ठोकली, एक डोळा मिटून ग्रंथालयाकडे नेम धरला आणि निघाले. पावलं टाकायची, वाकायचं, दोन ठोके, पुन्हा पावलं. कोणाकडे बघणं नाही की मागे वळणं नाही. चार मिनिटांत दहा खुंट्या, दोरी लावल्यासारख्या सरळ. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खंडेराव कमरेवर हात ठेवून हसले.

मंगळू मात्र गठ्ठा हातात घेऊन उभाच राहिला.

"ठोक की," कुलसचिव खेकसले.

"टेप आनू द्या," मंगळू म्हणाला. "मॅडमनी सांगितलंय, टेपबिगर एक खुंटी ठोकायची नाय. मी नाय ठोकनार."

"बघितलंत? हा घाबरला!"

"साहेब, थोडं थांबा," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी खिशातून टेप काढली. ती त्यांच्या खिशातच होती.

६

त्यांनी टेपचं एक टोक लखनच्या हातात दिलं. "तू मोज. मोठ्याने वाच. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

लखनने आधी स्वतःच्या खुंट्या मोजल्या. सात फूट, अकरा, पाच, आठ. साहेबांच्या चार, तेरा, सहा. मग तो खंडेरावांच्या ओळीकडे वळला.

"नऊ फूट. नऊ. नऊला इंच कमी. नऊ फूट एक इंच. नऊ." त्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. "सगळे नऊच, सर."

"आता झाडांतून गेलेल्या त्या रेघेचे कुठलेही दहा गाळे मोज."

तिथेही नऊ. दहाच्या दहा.

भाऊसाहेबांनी कुलगुरू मॅडमकडे पाहिलं. "तेजलबाईंनी तीन मीटरने आखलं, म्हणून खुंट्या एकसष्ट. मंगळू पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय. ज्याने रेघ हलवली त्याच्याकडे टेप नव्हती. त्याच्या हाताला अंतर पाठ होतं. द्राक्षाच्या दोन ओळींत आपल्याकडे बहुतेक बागांत नऊ फूट सोडतात. बागेची आखणी आयुष्यभर स्वतः केलेल्या माणसाचा हात आपोआप नऊवर थांबतो. म्हणून त्याला खुंट्या कमी पडल्या आणि त्याने पाच नव्या तासल्या. चुन्यात मोरचूद आहे, म्हणजे चुनाही बागेतला. रविवारी दुपारी आत होते त्यांत बागवाले दोघे. साहेबांची बाग आहे, पण त्यांनी तिथे कधी खुंटी ठोकली नसावी, हे आपण सगळ्यांनी पाहिलं."

साहेबांनी सुजलेला अंगठा पाठीमागे लपवला.

खंडेराव आपल्या दहा खुंट्यांकडे बघत होते, जणू त्या दुसऱ्या कोणीतरी ठोकल्या होत्या.

"हा डांबरी रस्ता मी केला," ते शेवटी म्हणाले. "बावीस वर्षं झाली. रोलरच्या पुढं मी चालत व्हतो. एवढ्या पावसाळ्यांत एक खड्डा नाय पडला. ह्या पोरीनं कागदावर रेघ मारली आन् माझा रस्ता पुसून टाकला. कोणी विचारलं पण नाय मला." त्यांनी डोळे पुसले. "झाडाच्या पानालाबी धक्का लागनार नव्हता. पोरं बोंब मारतील, योजना बारगळंल, एवढंच वाटलं. मंगळूचं नाव येईल, हे डोक्यात आलं नाय."

"सोमवारी सकाळी आलं होतं," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही शेजारीच उभे होता."

बारा वर्षं खंडेरावांच्या हातची द्राक्षं खाल्ली होती मी, आणि त्या क्षणी मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

ते चालत मंगळूपाशी गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं, मंगळू."

मंगळूने ते हात धरून खाली केले, पण "असू द्या" म्हणाला नाही. मला ते फार आवडलं.

कुलगुरू मॅडम झाडापासून पुढे आल्या. "खंडेराव, चौकशी होईल ती नियमाप्रमाणे होईल. पण उद्या सकाळी ह्या सगळ्या खुंट्या उपटून एकसष्ट खुंट्या तुम्ही स्वतः ठोकायच्या. टेप मंगळू धरेल आणि तो सांगेल तिथेच ठोकायची. तेजल, रस्ता बावीस वर्षं टिकला तो कसा, हे खाली खोदण्याआधी ह्यांच्याकडून समजून घ्या. आपण विचारायला हवं होतं. आणि निमसे सर, लंकाताईंच्या फाइलमध्ये एक कागद आहे. पाच वाजायला दहा मिनिटं आहेत."

साहेबांनी डाव्या हाताचा सुजलेला अंगठा सांभाळत उजव्याने सही केली. मी तो आदेश मोठ्याने वाचला, नावासकट, पदासकट: मंगळू भोये, उद्यान पर्यवेक्षक, कायम. लखनने असा काही आवाज काढला की कडुनिंबावरचे पक्षी उडाले, आणि मग दीड-दोनशे पोरांनी मंगळूला उचललं. तो वरून ओरडत होता, "खाली रेघ हाय, पाय देऊ नका!" अक्काबाई पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडतही होती. मी तर उघड रडले. तेजलने भाऊसाहेबांना वाकून नमस्कार केला, तेव्हा ते इतके गडबडले की पावलं मोजायचंही विसरले.

७

पायवाट दसऱ्यानंतर खुली झाली. त्याआधीच्या पावसाळ्यातच शोषखड्ड्यांनी एवढं पाणी पोटात घेतलं की ग्रंथालयामागच्या कोरड्या विहिरीत चार हात पाणी आलं. माझी स्कूटी आता दारातच असते. दारापासून ऑफिसपर्यंत तेरा मिनिटं लागतात आणि वाटेत मी भेटेल त्याच्याशी भांडते, त्यामुळे तब्येत उत्तम आहे.

पहिल्याच सकाळी मी तिथे होते. पोरं, प्राध्यापक, शिपाई, सगळे सावलीतून चालत होते. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. कुलसचिवांची पांढरी गाडी सवयीने दारातून आत शिरली होती आणि पायवाटेच्या तोंडाशी आली होती.

मंगळू हातातली झारी खाली ठेवून मधोमध जाऊन उभा राहिला. खाकी गणवेश नवा होता, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. त्याने हात वर केला.

काच खाली झाली. "अरे, मी आहे!"

"ओळखलं साहेब," मंगळू म्हणाला. "गाडी तिकडं, दाराशी. इथनं पायी."

वाटेवरचे सगळे थांबून बघत होते. अठरा वर्षं ज्याने ह्या गाडीला पाहून बाजूला उडी मारली होती, तो आज जागचा हलला नाही. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गाडी मागे घेतली, दाराशी लावली आणि बॅग काखेत मारून चालत आले. मंगळूने बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

"या साहेब," तो म्हणाला, "ह्या बाजूनं सावली बरी हाय."